विश्लेषण : बँकेचा डेटाबेस निवडतो कोण – अभियंता की विक्रेता?

ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲमेझॉनने मोठ्या अभिमानाने एक बातमी दिली. कंपनीच्या ग्राहक व्यवसायातला शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद झाला होता. जवळपास साडेसात हजार डेटाबेस, त्यांतली ७५ पेटाबाइट माहिती आणि शंभराहून अधिक चमू एवढा पसारा हलवायला काही वर्षे लागली होती. तोवर ओरॅकलचे संस्थापक लॅरी एलिसन गुंतवणूकदारांसमोर ॲमेझॉनला चिमटे काढत असत. आमच्याशी स्पर्धा करतात आणि डेटाबेससाठी पैसे आम्हालाच मोजतात, असा त्यांचा सूर असे. स्थलांतरानंतर डेटाबेसचा खर्च ६० टक्क्यांहून अधिक घटला, असे ॲमेझॉनने सांगितले. अर्थात तीही एक प्रकारची जाहिरातच होती. ॲमेझॉन जिथे हलली, ते डेटाबेस ती स्वतःच जगाला विकते.

त्या घोषणेतला एक तपशील मात्र जाहिरातीला शोभणारा नव्हता. बाहेरच्या कंपन्यांकडून घेतलेली काही सॉफ्टवेअर ओरॅकलवरच ठेवावी लागली होती, कारण ती ओरॅकलशी घट्ट बांधलेली होती.

जगातली सर्वांत मोठी क्लाउड कंपनी, पदरी अभियंत्यांची फौज, समोर कट्टर प्रतिस्पर्धी, आणि तरीही बाहेर पडायला वर्षे लागली. तीही पूर्ण नाहीच. मग एखादी नागरी सहकारी बँक, महापालिका किंवा विद्यापीठ एकदा डेटाबेस घेऊन बसले, की त्यांची काय कथा? हा प्रश्न संगणक विभागाचा वाटतो, पण बँकेचे सेवाशुल्क, महापालिकेचा कर आणि विद्यापीठाची परीक्षा फी यांतूनच त्याचे पैसे जातात. म्हणून तो आपला आहे.

डेटाबेस बदलणे एवढे अवघड का?

डेटाबेस म्हणजे संस्थेची रोजकीर्द आणि खतावणी. कोणाच्या खात्यात किती रुपये, कोणाच्या नावावर कुठली मिळकत, कोणत्या विद्यार्थ्याला किती गुण, हे सगळे त्यात असते. एकाच वेळी हजारो माणसे लिहीत असली तरी नोंदींची गल्लत होऊ न देणे आणि वीज गेली तरी एकही नोंद न हरवणे, हे त्याचे काम. मोबाइलमधले ॲप दर दोन वर्षांनी नवे येते; त्यामागची खतावणी वीस-वीस वर्षे तीच राहते.

वरवर पाहता बदल सोपा वाटतो. बहुतेक डेटाबेस एसक्यूएल नावाची एकच भाषा बोलतात. पण ही भाषा बारा कोसांवर बदलते. एक छोटे उदाहरण घेऊ. खातेदाराच्या अर्जात मधले नाव कोरे आहे. कोरी जागा म्हणजे ‘माहिती नाही’, असे ओरॅकल मानते. तरीही पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव जोडा म्हटले की कोरी जागा सोडून उरलेले नीट जोडून देते. पोस्टग्रेस या डेटाबेसचा नियम वेगळा आहे. जोडणीतला एक तुकडा ‘माहिती नाही’ असेल, तर संपूर्ण उत्तरच ‘माहिती नाही’. म्हणजे माहिती जशीच्या तशी उचलून नव्या डेटाबेसमध्ये ठेवली आणि जुनाच कार्यक्रम चालवला, तर मधले नाव नसलेल्या खातेदाराचे अख्खे नाव पासबुकावरून गायब होऊ शकते. यात कोणाची चूक नाही. दोन्ही डेटाबेस आपापल्या नियमाने बरोबरच वागतात.

अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी असतात. शिवाय व्याजाची आकारणी, दिवसअखेरचा ताळमेळ यांसारखे हिशेब अनेकदा डेटाबेसच्या आतच, त्या कंपनीच्या खास बोलीत लिहिलेले असतात. ओरॅकलमध्ये तिला पीएल-एसक्यूएल म्हणतात. वीस वर्षांत अशा हजारो ओळी साचतात, लिहिणारे नोकरी सोडून जातात, आणि त्या ओळींना हात लावायची कोणाची छाती होत नाही. विक्रेत्याचे खरे भांडवल ते हेच. डेटाबेस किती वेगवान आहे याहून तो सोडायला किती पैसे पडतील, यावर त्याची किंमत ठरते.

चांगले तेच टिकले, असे नाही का?

इतिहास तसे सांगत नाही. माहिती कोष्टकांत मांडायची आणि प्रश्न विचारून काढायची, ही आजच्या डेटाबेसची मूळ कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. कॉड आयबीएममध्ये होते. पण आयबीएमने त्या कल्पनेचा माल बाजारात आणायला दहा वर्षांहून अधिक काळ घेतला. कंपनीचा आयएमएस हा जुन्या पद्धतीचा डेटाबेस तेव्हा चांगला खपत होता. स्वतःच्याच चालत्या दुकानासमोर दुसरे दुकान कोण उघडणार? आयबीएमच्या संशोधकांनी निबंध मात्र प्रसिद्ध केले. ते वाचून एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणले. पहिल्याच विक्रीला त्याचे नाव होते ‘आवृत्ती दोन’. आवृत्ती एक विकलीच गेली नाही, कारण पहिली आवृत्ती घ्यायला गिऱ्हाईक धजावत नाही. या धंद्याची तबियत इथेच कळते. आयबीएमचे स्वतःचे उत्पादन १९८१ मध्ये आले आणि प्रसिद्ध डीबी-टू १९८३ मध्ये.

त्याच काळात बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रेस बनवले. त्याची क्वेल ही भाषा एसक्यूएलपेक्षा अधिक नेटकी आहे, असे मानणारे जाणकार बरेच होते. पण एसक्यूएलमागे आयबीएम उभी होती. ओरॅकलने सुरुवातीपासून आयबीएमचीच बोली उचलली, १९८६ मध्ये अमेरिकेत एसक्यूएल अधिकृत मानक झाली आणि क्वेल मागे पडली. भाषेचा निकाल भाषेच्या गुणांवर लागला नाही. मोठे गिऱ्हाईक कोणाकडे आहे, त्यावर लागला.

तुलना छापायलाच बंदी?

होय, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातले डेव्हिड डिविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काही डेटाबेसना एकसारखी कामे देऊन वेळ मोजली आणि आकडे नावांसकट छापले. त्यात ओरॅकलची कामगिरी फिकी होती. त्यानंतर ओरॅकलने आपल्या परवान्यात एक कलम घातले : आमच्या पूर्वपरवानगीशिवाय चाचणीचे निकाल प्रसिद्ध करता येणार नाहीत. पुढे इतर अनेक विक्रेत्यांनी ते उचलले. या धंद्यात त्याला ‘डिविट कलम’च म्हणतात. ज्याने मोजमाप केले, त्याचेच नाव मोजमाप बंद करणाऱ्या कलमाला!

मोटारसायकल घेताना आपण मासिकातले मायलेजचे आकडे वाचतो. कोट्यवधींचा डेटाबेस घेणाऱ्या संस्थेला मात्र तटस्थ आकडे छापील मिळणेच अवघड. मग उरते काय? विक्रेत्याचे सादरीकरण, त्यानेच दिलेल्या समाधानी ग्राहकांची यादी आणि सल्लागाराचा शब्द. २०२१ मध्ये डेटाब्रिक्स आणि स्नोफ्लेक या दोन कंपन्यांचे चाचणीच्या आकड्यांवरून जाहीर भांडण झाले. त्या भांडणात दोघींनीही आपल्या अटींतून हे कलम काढले. दोन विक्रेते भांडल्यावर ग्राहकाला हवा लागते, ती अशी.

किमतीचे गणित कसे असते?

दुर्बोध असते, आणि तो अपघात नसावा. ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीची छापील किंमत प्रत्येक ‘प्रोसेसर’मागे ४७,५०० डॉलर आहे. शिवाय दरवर्षी २२ टक्के देखभाल शुल्क. म्हणजे साधारण साडेचार वर्षांत परवान्याएवढी रक्कम देखभालीतच जाते. मोठ्या गिऱ्हाइकाला घसघशीत सवलत मिळते, हे खरे. पण ती किती, हे शेजारच्या गिऱ्हाइकाला कळत नाही.

आता ‘प्रोसेसर’ म्हणजे काय? इंटेल किंवा एएमडीच्या चिपमधले दोन गाभे म्हणजे एक. आठ गाभ्यांचा सर्व्हर असेल, तर चार परवाने लागतात. छापील किंमत १ लाख ९० हजार डॉलर, देखभाल वर्षाला ४१,८०० डॉलर. तेवढ्याच ताकदीचे यंत्र ॲमेझॉनच्या क्लाउडवर भाड्याने घेतले, तर ही अर्ध्याची सूट लागू होत नाही. परवाने होतात आठ आणि किंमत ३ लाख ८० हजार डॉलर. हा नियम जानेवारी २०१७ चा. ओरॅकलच्या स्वतःच्या क्लाउडवर मात्र चारच परवाने पुरतात. काम तेच, माहिती तीच, सॉफ्टवेअर तेच. फक्त यंत्र कोणाच्या गोदामात आहे, त्यावर दर दुप्पट. आता एखाद्या बँकेच्या अभियंत्याने ‘आम्ही ओरॅकलचा क्लाउड निवडला’ असे सांगितले, तर ती निवड त्याची की दरपत्रकाची?

फक्त ओरॅकललाच बोल लावून चालणार नाही. मायक्रोसॉफ्टनेही ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या परवान्यांचे नियम असे बदलले, की एसक्यूएल सर्व्हरसारखी सॉफ्टवेअर ॲमेझॉन, गुगल किंवा अलिबाबाच्या क्लाउडवर नेणे अधिक महाग किंवा अडचणीचे व्हावे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने क्लाउड बाजाराची दीर्घ चौकशी केली. जुलै २०२५ च्या अंतिम निर्णयात मायक्रोसॉफ्टच्या परवाना पद्धतीमुळे स्पर्धेला बाधा येते, असे त्याने नोंदवले.

देखभाल शुल्काचीही एक गंमत आहे. गरज घटली म्हणून निम्म्या परवान्यांची देखभाल बंद केली, तर बिल निम्मे होईल असे वाटेल. ओरॅकलच्या धोरणानुसार उरलेल्या परवान्यांची किंमत नव्याने ठरते, आणि मूळ खरेदीतली सवलत त्यात टिकेलच असे नाही. म्हणून अनेक संस्था न वापरलेल्या परवान्यांचेही पैसे भरत राहतात. आणखी एक बारकावा म्हणजे ओरॅकलचे आर्थिक वर्ष ३१ मे रोजी संपते. मे महिन्यात सवलतींना जो बहर येतो, त्यात कित्येक संस्थांचे पुढच्या दशकाचे तांत्रिक निर्णय उरकले जातात.

न मागता डेटाबेस घरात कसा येतो?

दुसऱ्या वस्तूच्या पाठीवर बसून. याचे सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईतलेच आहे. सिटी समूहातून जन्मलेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या आय-फ्लेक्स सोल्युशन्स या कंपनीने फ्लेक्सक्यूब हे बँकांचे सॉफ्टवेअर बनवले आणि जगभर विकले. भारतीय बुद्धीच्या उत्पादनाचे ते अभिमानाचे उदाहरण होते. २००५ मध्ये ओरॅकलने सिटीचा सुमारे ४१ टक्के वाटा विकत घेतला, पुढे तो वाढवत नेला आणि २००८ मध्ये कंपनीचे नाव ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर झाले. त्याच वर्षी, २००५ मध्ये, ओरॅकलने १,०३० कोटी डॉलर मोजून पीपलसॉफ्टचा ताबा पूर्ण केला आणि सिबेलच्या खरेदीची घोषणाही केली. बँकेचा अध्यक्ष डेटाबेस निवडत नाही. तो बँकेचे सॉफ्टवेअर निवडतो. त्या सॉफ्टवेअरखालचा डेटाबेस ज्याचा, त्याचा धंदा आपोआप होतो. हे ओरॅकलने इतरांच्या आधी ओळखले.

ओरॅकलची ही चाल सॅपला झोंबली. पुणे, चाकण, नाशिकच्या कारखान्यांत ज्या सॅपवर हिशेब आणि साठा चालतो, ती जर्मन कंपनी. तिच्या सॉफ्टवेअरखाली बहुतेक ठिकाणी ओरॅकलचा डेटाबेस असे. म्हणजे सॅपचा प्रत्येक नवा ग्राहक तिच्याच प्रतिस्पर्ध्याच्या गल्ल्यात भर घालत होता. सॅपने हाना नावाचा स्वतःचा डेटाबेस बनवला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये आणलेली नवी पिढी, एस-फोर हाना, फक्त त्याच डेटाबेसवर चालेल असे ठरवले. जुन्या पिढीची नेहमीची देखभाल २०२७ च्या अखेरीपर्यंतच. हाना वेगवान आहे, यात वाद नाही. पण कारखानदाराला पूर्वी चार-पाच डेटाबेसमधून निवड करता येत होती, ती संपली. एका मालकाच्या कचाट्यातून सोडवण्याच्या नावाखाली दुसऱ्याने चावी स्वतःच्या खिशात टाकली.

ओपन सोर्स म्हणजे सुटका?

अनेकांना तसे वाटते आणि ते अर्धेच खरे आहे. मायएसक्यूएलचे उदाहरण घ्या. संकेतस्थळांच्या जगात हा फुकटचा, खुला डेटाबेस घरोघरी पोहोचला. २००८ मध्ये सन कंपनीने तो १०० कोटी डॉलरला घेतला. वर्षभरात, एप्रिल २००९ मध्ये, सनलाच ७४० कोटी डॉलरला विकत घेण्याची घोषणा ओरॅकलने केली. स्वस्त प्रतिस्पर्धी महाग विक्रेत्याच्या हाती जाणार म्हणून युरोपीय आयोगाने सखोल चौकशी लावली आणि जानेवारी २०१० मध्ये व्यवहाराला मान्यता दिली. मायएसक्यूएलचे जनक मोंटी विडेनियस यांनी तोवर त्याच कोडची वेगळी फांदी काढली होती, मारियाडीबी. आधीच्या डेटाबेसला थोरल्या मुलीचे नाव होते, ‘माय’; या नव्याला धाकटीचे, ‘मारिया’. कोड खुला होता म्हणून ही वाटणी शक्य झाली. बंद डेटाबेसमध्ये ग्राहकाला एवढीही सोय नसते.

पुढच्या दशकात भांडणाची जागा बदलली. खुले डेटाबेस बनवणाऱ्या कंपन्या एका बाजूला, आणि तेच सॉफ्टवेअर भाड्याने देऊन पैसे कमावणाऱ्या क्लाउड कंपन्या दुसऱ्या. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवाना कडक केला, आणि तीनच महिन्यांत ॲमेझॉनने तशीच भाषा समजणारी स्वतःची सेवा बाजारात आणली. इलॅस्टिकने २०२१ मध्ये परवाना बदलला. ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च काढले. मार्च २०२४ मध्ये रेडिसनेही तेच केले, आणि आठवडाभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही फांदी उभी राहिली. तिच्या पाठीशी ॲमेझॉन, गुगल आणि चक्क ओरॅकल. त्यानंतर इलॅस्टिक आणि रेडिस दोघेही पुन्हा खुल्या परवान्याकडे वळले. या हाणामारीत दोन्ही बाजू ‘समुदाया’चे नाव घेत होत्या. समुदायातल्या सामान्य वापरकर्त्याने मात्र तीन वर्षांत दोनदा वकिलाला परवाना दाखवायला नेला.

माझ्या मते परवान्याच्या नावापेक्षा मालकी कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा. एकाच कंपनीच्या मालकीचा खुला डेटाबेस हा त्या कंपनीचे भांडवल संपेपर्यंत किंवा भागधारकांचा धीर सुटेपर्यंत खुला असतो. पोस्टग्रेसचे वेगळेपण इथे आहे. बर्कलीत १९८६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचा एकच असा मालक नाही. त्यावर काम करणारे लोक अनेक कंपन्यांचे पगारदार आहेत, त्यामुळे एका संचालक मंडळाच्या बैठकीत त्याचा परवाना बदलता येत नाही. गुंतवणूकदारांनाही हे कळले आहे. मे २०२५ मध्ये डेटाब्रिक्सने निऑन, आणि पुढच्याच महिन्यात स्नोफ्लेकने क्रंची डेटा, अशा पोस्टग्रेसवर उभ्या असलेल्या कंपन्या विकत घेतल्या. पोस्टग्रेस विकत घेता येत नाही, म्हणून ते जाणणारी माणसे विकत घेतली.

पण इथेही डोळे उघडे हवेत. क्लाउडवर ‘पोस्टग्रेसशी सुसंगत’ म्हणून मिळणाऱ्या सेवांत कंपनीच्या खास सोयी मिसळलेल्या असतात. त्या एकदा वापरल्या की परतीची वाट पुन्हा अरुंद होते. पुण्यात मोठे कार्यालय असलेली एंटरप्राइझडीबी ही कंपनी ओरॅकलची बोली समजणारे पोस्टग्रेस विकते. ओरॅकल सोडणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. मात्र ती बोली समजणारा भाग त्या कंपनीचा आहे, खुल्या पोस्टग्रेसचा नाही. ओरॅकलच्या बोलीतला कोड तसाच ठेवला, तर एका घरमालकाकडून दुसऱ्याकडे राहायला जाण्यासारखे ते होते. भाडे कमी, एवढाच फरक.

मग विक्रेते लबाड आणि ग्राहक बिचारे?

इतके सोपे नाही. रात्री दोन वाजता बँकेची यंत्रणा कोलमडली, तर फोन उचलणारा कोणीतरी हवा असतो. ज्या संस्थेत डेटाबेस जाणणारा एकच माणूस आहे आणि तोही पुढच्या महिन्यात बंगळुरूला चालला आहे, तिने महागडी देखभाल घेतली तर तो मूर्खपणा नव्हे. ओरॅकलच्या काही सोयी, विशेषतः एकाच डेटाबेसवर अनेक यंत्रे एकदम चालवण्याची, वर्षानुवर्षे इतरांपेक्षा सरस राहिल्या आहेत.

शिवाय खरेदीच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाचा आपापला स्वार्थ असतो. सल्लागार कंपन्या विक्रेत्यांच्या भागीदार कार्यक्रमात नोंदलेल्या असतात. अधिक विक्री, वरचा दर्जा. माहिती-तंत्रज्ञान सेवा कंपनीकडे ज्या डेटाबेसची प्रमाणपत्रे असलेली माणसे रिकामी बसली आहेत, तोच डेटाबेस तिला ग्राहकासाठी योग्य वाटतो. तरुण अभियंत्याला बायोडेटात नवे नाव हवे असते. मध्यंतरी ‘नो-एसक्यूएल’ची लाट आली, तेव्हा साध्या हजेरीपटासाठीही तो वापरणारे महाभाग होते. आणि अधिकाऱ्याला हवी असते सुरक्षितता. नावाजलेल्या कंपनीचा डेटाबेस घेऊन तो बिघडला, तर दोष कंपनीचा. अनोळखी घेऊन बिघडला, तर दोष अधिकाऱ्याचा. या भीतीला दरपत्रकात जागा नसते, पण सर्वांत महाग तीच पडते.

आपल्याकडे नियम काय सांगतात?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. निविदेत खुल्या सॉफ्टवेअरचा विचार व्हावा आणि ते वगळले तर पुरवठादाराने कारण द्यावे, असे ते सांगते. आधारच्या यंत्रणेने त्याआधीच हा मार्ग धरला होता. तिच्या तांत्रिक दस्तऐवजात एका विक्रेत्यात न अडकण्याचे तत्त्व आहे आणि मायएसक्यूएल, एचबेस, मोंगोडीबी अशा अनेक डेटाबेसचा उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या यंत्रणेला ते जमते, म्हणजे प्रश्न आकाराचा नाही. सुरुवातीलाच बाहेरचे दार आखून ठेवण्याचा आहे. २०१५ च्या धोरणाची उणीव अशी, की कारण देणे म्हणजे एक परिच्छेद लिहिणे. ‘विद्यमान प्रणालीशी सुसंगतता आवश्यक’ हे वाक्य कुठल्याही निविदेत चपखल बसते. आधी अडकलो आहोत म्हणून पुढेही अडकू, एवढाच त्याचा अर्थ.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम अधिक धारदार आहे. माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबतचे तिचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत. सेवा पुरवठादाराला सोडायची वेळ आली तर काय, याची योजना बँकेकडे हवी, असे ते सांगतात. हे योग्यच. पण निर्देश बँकेला बांधतात; तिच्या समोर बसलेल्या विक्रेत्याला बांधत नाहीत. युरोपने दुसरी बाजूही धरली. तिथला डेटा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार १२ जानेवारी २०२७ पासून क्लाउड बदलताना माहिती बाहेर नेण्याचे शुल्क आकारता येणार नाही. कायद्याची चाहूल लागताच गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांतच सोडून जाणाऱ्यांचे हे शुल्क माफ केले. म्हणजे ते शुल्क तांत्रिक गरजेचे नव्हतेच.

आपल्याकडे सार्वजनिक पैशांतून होणाऱ्या प्रत्येक डेटाबेस खरेदीत एक आकडा सक्तीचा करावा, असे मला वाटते. पाच वर्षांनी ही प्रणाली सोडून दुसरीवर जायचे ठरले तर किती खर्च आणि किती महिने, हे पुरवठादाराने निविदेतच लिहून द्यावे, आणि तो आकडा बोलीच्या किमतीत मिळवूनच कोण स्वस्त ते ठरवावे. आज सर्वांत कमी बोली लावणारा विक्रेता बहुधा बाहेर पडताना सर्वांत महाग असतो. हा आकडा आला, तर पहिल्याच फेरीत ते दिसेल. चाचणीचे निकाल प्रसिद्ध करण्यास मनाई करणारे कलम असेल, तर सरकारी खरेदीपुरते ते बाद धरावे. करदात्याच्या पैशांनी घेतलेल्या यंत्राचा वेग करदात्यापासून गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

आणि सहकारी बँकांच्या संचालकांना कायद्याची वाट पाहायची गरजही नाही. आपल्या सॉफ्टवेअर पुरवठादाराला एवढेच सांगावे : वर्षातून एका रविवारी एका शाखेची सगळी माहिती वेगळ्या, खुल्या डेटाबेसमध्ये उतरवून दाखवा आणि त्यावरून शंभर पासबुके छापा. पुरवठादार आढेवेढे घेईल, करारात तरतूद नाही म्हणेल, वेगळे पैसे मागेल. तो किती मागतो, ते संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावे. पासबुके छापून झाली, की मधले नाव नसलेल्या खातेदारांची आधी काढून बघावीत.